सड्यावर नेण्याआधी गावाला विचारले होते का? राजापूर तालुक्यातील एका कातळशिल्प-दर्शन सेवेचे परीक्षण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान, आमची दोन मुले आणि माझे ७४ वर्षांचे वडील असे पाच जण राजापूर तालुक्यातील एका गावात दोन रात्री मुक्कामाला होतो. त्या गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, कातळशिल्पे आहेत आणि ती दाखवण्याची, राहण्याची व जेवणाची व्यवस्था गावातील लोकच करतात. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण नोंदणी करतानाच त्यांनी तशी अट घातली होती: सड्याचे नेमके ठिकाण, तिथवरच्या वाटेचे चित्रीकरण आणि नकाशावरची खूण इंटरनेटवर टाकायची नाही. ज्यांना जाण्याची मनापासून इच्छा आहे त्यांनी रत्नागिरीत किंवा राजापुरात कातळशिल्पांच्या जाणकारांकडे चौकशी केली तर गावाचा संपर्क मिळतो. आम्हीही तसेच पोहोचलो.

कोकणातील कातळशिल्पांविषयी आता बऱ्याच वाचकांना माहिती असेल, तरीही थोडी पार्श्वभूमी देते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर माणसे, हत्ती, वाघ, मासे, पक्षी आणि काही अनाकलनीय चौकोनी रचना कोरलेल्या आढळतात. ती मध्याश्मयुगीन असावीत असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. आज कोकणात कुठेही नसलेला एकशिंगी गेंडा त्यांत दिसतो, यावरूनच काळाच्या अंतराची कल्पना यावी. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या आहेत. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि तेव्हापासून सड्यांकडे येणाऱ्या गाड्यांची संख्या वाढू लागली.

या शिल्पांकडे जगाचे लक्ष अलीकडे गेले असले तरी गावाला ती माहीत नव्हती असे नाही. कुडोपीच्या शिल्पांच्या जागेला तिथले लोक पूर्वापार ‘बावल्यांचे टेंब’ म्हणतात. देवीहसोळचे शिल्प आर्यादुर्गा देवीच्या मंदिराजवळ आहे आणि देवीच्या उत्सवाशी जोडलेले आहे. रत्नागिरीचे कातळशिल्प-शोधक सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात शेकडो आकृत्या नोंदवल्या, त्या गावोगावच्या लोकांशी बोलत, गुराख्यांकडून ऐकत आणि सडे पायी तुडवत. गोव्यात रिवणजवळ कुशावतीच्या काठची शिल्पेही १९९३ साली स्थानिकांनी दाखवल्यानंतरच पुरातत्त्वाच्या अभ्यासकांच्या नजरेस आली. शोध जर गावाच्या सांगण्यावरून लागतो, तर ते स्थळ पाहुण्यांसाठी खुले करताना गावाला विचारले जाणे ही किमान अपेक्षा आहे, आणि या सेवेचे मूल्यमापन मी मुख्यतः त्याच कसोटीवर करणार आहे.

ही कसोटी माझ्या मनात का तयार झाली तेही सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी आम्ही बाहेरच्या एका सहल कंपनीबरोबर (तिचे नाव घेण्याची गरज नाही) याच भागातील दुसऱ्या एका सड्यावर गेलो होतो. बस थेट कातळावर नेऊन उभी केली गेली. चाळीस माणसे बूट घालून आकृत्यांच्या रेषांवर फिरली, आणि छायाचित्रात त्या उठून दिसाव्यात म्हणून मार्गदर्शकाने खडूने त्या गिरवल्या. अर्ध्या तासाने खालच्या वाडीतून एक गृहस्थ चढून आले. ती जमीन त्यांच्या कुटुंबाची होती. बसच्या चाकाखाली त्यांच्या कलमांच्या बागेचा गडगा (दगडी बांध) एका ठिकाणी ढासळला होता. त्यांनी आवाज न चढवता एकच प्रश्न विचारला, “तुम्ही कोणाला विचारून आलात?” आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. परतीच्या प्रवासात बसमध्ये जे बोलणे झाले त्यात ते गृहस्थच आडमुठे ठरले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्या सड्यावर पाहिलेल्या आकृत्या मला नीट आठवत नाहीत, तो ढासळलेला गडगा मात्र आठवतो.

यावेळचा अनुभव नोंदणीपासूनच निराळा होता. फोनवर बोलणाऱ्या ताईंनी प्रथम किती माणसे, त्यांत वृद्ध कोणी आहे का, आणि कोणत्या दिवशी, असे विचारले. आम्ही सांगितलेल्या तारखांपैकी एक दिवस त्यांनी नाकारला, कारण त्या दिवशी गावात एका घरी बाराव्याचा विधी होता आणि सड्याची वाट त्या घराच्या खळ्यावरून जाते. एका वेळी बारापेक्षा जास्त माणसे वर नेत नाहीत आणि दिवसात दोनच फेऱ्या होतात, सकाळी साडेसातला आणि दुपारी साडेतीनला. या वेळांमागे दोन कारणे आहेत. सूर्य कललेला असताना प्रकाश तिरपा पडतो आणि बोट-दोन बोटे खोलीच्या रेषाही सावलीमुळे स्पष्ट दिसतात, हे एक. दुसरे कारण आम्हाला गावात गेल्यावर कळले: सकाळी नऊनंतर गुरे सड्यावर चरायला जातात आणि दुपारी तीनपर्यंत तिथे असतात, तेव्हा त्या वेळेत सडा गुरांचा आणि गुराख्यांचा राहील असे गावाच्या बैठकीत ठरलेले आहे.

गाडी गावाच्या वेशीवर शाळेजवळ ठेवावी लागते. तिथून सड्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे, त्यातील निम्मी जांभ्याच्या पाखाडीची (पायऱ्यांच्या वाटेची). वडिलांसाठी काय करता येईल असे मी विचारले तेव्हा त्यांना दुसऱ्या बाजूने, बैलगाडीच्या जुन्या वाटेने, गावातल्या एका रिक्षातून अर्ध्या अंतरापर्यंत नेण्यात आले आणि पुढे दोन मुलांनी त्यांना हात दिला. या सोयीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कातळावर पाऊल ठेवण्यापूर्वी सर्वांना पादत्राणे काढावी लागतात. माझ्या मुलाने हा देवाचा नियम आहे का असे विचारले, तेव्हा मार्गदर्शक म्हणून आमच्याबरोबर आलेल्या अण्णांनी त्याला सांगितले की काही जण देवासाठी काढतात, काही जण रेषा झिजू नयेत म्हणून काढतात, आपण कोणत्या कारणाने काढायचे ते आपले आपण ठरवावे. खडू, रंग, पाणी ओतणे यांपैकी कशालाही परवानगी नाही. माती साचलेल्या भागावरून अण्णा नारळाच्या हिरांची मऊ केरसुणी हलक्या हाताने फिरवतात, एवढीच साफसफाई.

अण्णांची माहिती देण्याची पद्धत मला फार आवडली. ही पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रे आहेत अशी त्यांच्या आजीने सांगितलेली गोष्ट ते आधी सांगतात आणि मग अभ्यासक काय म्हणतात ते सांगतात, पण दोहोंची सरमिसळ करत नाहीत. जिथे अर्थ लागलेला नाही तिथे “याचा अर्थ अजून कोणाला लागलेला नाही” असे ते स्पष्ट म्हणतात. एका मोठ्या माशाच्या आकृतीजवळ आम्ही जवळजवळ पाऊण तास होतो. सकाळच्या उन्हात ती आधी दिसतच नव्हती, आणि नंतर एकदा शेपटीची रेष सापडल्यावर संपूर्ण मासा एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. वडील तिथे खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसाने हे कोरले त्याच्याकडे लोखंड नसावे, तरीही त्याची रेष कुठेही अडखळलेली नाही.

दर माणशी २०० रुपये घेतले जातात आणि त्याची पावती मिळते. त्या पावतीच्या मागे हे पैसे कोणाला जातात ते छापलेले आहे: मार्गदर्शक, जमिनीचे सहहिस्सेदार, वाट आणि गडगे यांची डागडुजी, आणि ग्रामपंचायत. आजवर अनेक ऐतिहासिक स्थळांची तिकिटे मी काढली आहेत, पण आपला पैसा कोणाच्या हाती पडतो हे एखाद्या पावतीने मला प्रथमच सांगितले.

पहिल्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात कातळशिल्पांविषयीची गावाची बैठक होती, आणि पाहुण्यांनी मागे बसून ऐकण्यास हरकत नाही असे सांगण्यात आल्यामुळे मी व वडील तिथे गेलो. प्रश्न असा होता की सड्याच्या उत्तरेकडील दुसरा शिल्पसमूहही पाहुण्यांना दाखवावा का. तीसेक माणसे होती, त्यांत दहा-बारा बायका. मुंबईत राहणारे तीन हिस्सेदार मोबाइलवरून बोलत होते. आवाज तुटत होता, तरी प्रत्येकाचे बोलणे संपेपर्यंत सगळे थांबत होते.

कोकणातील जमिनीचा हा गुंता बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. सड्याची जमीन नापीक दिसते म्हणून ती कोणाचीच नसेल असे वाटते, पण तिचा सात-बारा असतो, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्या न झालेल्या वीस-पंचवीस नावांची रांग असते. त्यांपैकी अर्धे मुंबईत, काही बडोद्यात, एखादा परदेशात. यांपैकी गावात असलेल्या एकाची संमती घेऊन काम उरकणे सोपे असते, आणि पुढची भांडणे तिथूनच सुरू होतात. म्हणून या गावाने असे ठरवले आहे की जागेविषयीचा कोणताही अंतिम निर्णय गणपतीत किंवा शिमग्यात, म्हणजे चाकरमानी गावी असतानाच घ्यायचा. इतर बैठका चर्चेसाठी. त्या संध्याकाळचीही बैठक चर्चेचीच होती.

सर्वांत मोठी भीती जमीन जाण्याची होती. एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की आज फलक लागेल, उद्या कुंपण येईल आणि परवा आपल्याच जागेत चिरा काढायला आपल्याला बंदी होईल. या भीतीला आधार आहे. जांभ्याची चिरेखाण हे या पट्ट्यातील उत्पन्नाचे खरेखुरे साधन आहे, आणि संरक्षित स्थळाच्या आसपास खाणकामावर निर्बंध येतातच. त्याशिवाय बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा झालेला संघर्ष साऱ्या तालुक्याने पाहिला आहे. सड्यावर मोजपट्टी घेऊन आलेला प्रत्येक माणूस तेव्हापासून संशयाने पाहिला जातो, मग तो पुरातत्त्वाचा विद्यार्थी का असेना. अशा वातावरणात लोकांना विश्वासात घेणे म्हणजे एका कागदावर सह्या गोळा करणे नव्हे, हे बैठक चालवणाऱ्या तरुणीला नेमके उमगलेले होते. ती प्रत्येक शंका वहीत उतरवून घेत होती आणि जिचे उत्तर तिच्यापाशी नव्हते तिच्यापुढे ‘तहसील कार्यालयात विचारणे’ असे लिहीत होती.

बायकांचे म्हणणे वेगळे होते आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटले. उत्तरेच्या समूहाकडे जाणारी वाट वाडीच्या विहिरीजवळून जाते. पाणी भरताना, कपडे धुताना अनोळखी माणसे कॅमेरे घेऊन तिथून जाणार का, त्यांना शौचाला कुठे जायचे हे कोण दाखवणार, आणि पोरीबाळींची छायाचित्रे काढली गेली तर तक्रार कोणाकडे करायची, असे त्यांचे प्रश्न होते. “आधी वाटेचं बघा, मग पाटीचं,” असे एका आजींनी म्हटले आणि त्यावर सभामंडप बराच वेळ शांत राहिला. शेवटी विहीर टाळून खालच्या अंगाने नवी पायवाट काढता येते का हे चार जणांनी, त्यांत दोन बायका, प्रत्यक्ष फिरून पाहावे, आणि तोवर दुसरा समूह बंद ठेवावा असे ठरले. आम्हाला तो पाहता आला नाही. त्याबद्दल मला जराही तक्रार नाही.

सरकारी पद्धतीशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात एखादे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित करण्याआधी दोन महिन्यांची सूचना देऊन हरकती मागवण्याची तरतूद आहे, आणि त्या सूचनेची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावायची असते. तरतूद चांगली आहे, पण तिच्यात लोकांना हरकत आहे की नाही एवढेच विचारले जाते. पाहुणे कोणत्या वाटेने यावेत, किती यावेत, कोणत्या वेळी यावेत, हे विचारले जात नाही, आणि रहिवाशाच्या रोजच्या जगण्याला भिडणारे प्रश्न नेमके हेच असतात. शिवाय सड्यावरच्या दगडाला चिकटवलेला कागद डोंबिवलीतल्या हिस्सेदाराने दोन महिन्यांत कसा वाचावा?

रहिवाशांचे ऐकल्याने स्थळाचेच कसे भले होते याची दोन उदाहरणे आपल्याकडे आहेत. उक्षीच्या हत्तीच्या कातळशिल्पाभोवती संरक्षक बांधकाम झाले ते ग्रामपंचायतीने पुढाकार घेतल्यामुळे. कासच्या पठारावर फुलांच्या रक्षणासाठी जाळीचे कुंपण घातले गेले होते, तेव्हा गुरांचे चरणे थांबले तर फुलांनाही बाधा येईल असे आसपासच्या गावांतील लोक सांगत होते, आणि पुढे ते कुंपण काढावे लागले. पठारावर गुरे वळणाऱ्या माणसाला जे दिसते ते दोन दिवसांच्या पाहणीत दिसत नाही.

याच मुद्द्यावरून या सेवेतील सर्वांत मोठी उणीव मला सांगायची आहे. बैठकीत सड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातील एकही माणूस नव्हता. मी चौकशी केली तेव्हा त्यांना निरोप दिला होता, पण संध्याकाळी गुरे बांधण्याची वेळ असल्याने ते आले नाहीत, असे उत्तर मिळाले. सड्यावर वर्षाचे बारा महिने वावरणारी माणसे तीच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनीच आम्हाला सांगितले की उत्तरेकडील समूह प्रथम दाखवला तो धनगरवाड्यातील एका मुलाने. मग बैठक त्यांच्या वेळेला, दुपारी, त्यांच्या वाड्यावर घेता आली नसती का? पावतीमागच्या वाटणीतही त्यांचा हिस्सा नाही. ज्या गावाने विहिरीवरच्या बायकांचे इतके मनापासून ऐकले, त्याने हे राहू देऊ नये असे मला फार वाटते.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. फोन दोन दिवस लागला नाही, कारण गावात एकाच ठिकाणी रेंज येते. सड्यावर सावली नाही, त्यामुळे दुपारच्या फेरीला टोपी आणि पाणी स्वतःचे न्यावे. स्वच्छतागृह फक्त शाळेजवळ आहे. छापील माहितीपत्रक नाही, आणि अण्णा नसतील त्या दिवशी येणारा तरुण मार्गदर्शक मेहनती असला तरी घाईने बोलतो. पावसाळ्यात दर्शन बंद असते आणि दिवाळीनंतर गवत वाळेपर्यंत काही आकृत्या झाकलेल्या राहतात, म्हणून डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

मुक्काम एका घराच्या माडीवर होता. शेणाने सारवलेली ओटी, स्वच्छ अंथरुणे, आणि पहाटे चुलीवर तापलेले पाणी. जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, लाल माठाची भाजी आणि सोलकढी होती. घरच्या वहिनींनी वडिलांसाठी तिखट कमी घालून वेगळी वाटी ठेवली होती. पाच जणांचा दोन दिवसांचा राहण्या-जेवणाचा खर्च राजापुरातील मध्यम दर्जाच्या लॉजपेक्षा थोडा अधिक झाला आणि तो मला पूर्णपणे योग्य वाटला.

पाचपैकी चार गुण मी देते. पाचवा मी राखून ठेवला आहे, धनगरवाड्यासाठी.

निघताना वहिनींनी एक वही पुढे केली. अभिप्रायाची वही म्हणून मी कौतुकाचे चार शब्द लिहायला लागले, तर त्यांनी मला थांबवले. पाहुण्यांना काय आवडले ते या वहीत लिहायचे नसते, आमच्यामुळे तुम्हाला आणि तुमच्यामुळे आम्हाला काय त्रास झाला ते लिहायचे, आणि ते शिमग्याच्या बैठकीत वाचले जाते, असे त्यांनी सांगितले. मी धनगरवाड्याविषयी लिहिले, सावलीविषयी लिहिले. माझ्या धाकट्या मुलाने स्वतःहून लिहिले की तो एकदा विसरून चप्पल घालून माशाच्या शेपटीवर उभा राहिला होता.